रुंद फळ्यांचे मेज आणि लाकडातील पाणी

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज ही जुनी, गजबजलेली वस्ती आहे. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी विद्यालय यांमुळे मराठी वाचकांस ती परकी नाही. वस्तीलगतचा पंचकुइयाँ मार्ग लाकडी सामानाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. रुंद फळ्यांचे मेज करणाऱ्या कारागिराची दिल्लीची हवा मोठी परीक्षा पाहते. मे-जूनमध्ये येथे कोरडी लू वाहते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते. श्रावणात जोडलेला सुबक तक्ता पुढील ज्येष्ठात मधोमध तडकावा, असे पुष्कळदा घडते. याचे कारण काय?

लाकूड कापल्यानंतरही हवेतील बाष्प शोषते आणि परत सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असता लाकडातील पाणी त्याच्या शुष्क वजनाच्या सुमारे ६ टक्क्यांवर, तर ७५ टक्के असता सुमारे १४ टक्क्यांवर स्थिरावते. लाकडाच्या कोशिकांच्या भित्तींत सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू बहुतांशी खोडाच्या लांबीस समांतर असतात. पाणी या तंतूंच्या मध्ये शिरते व त्यांस परस्परांपासून दूर सारते. म्हणून फळी रुंदीत फुगते. लांबीत होणारा फरक नगण्य असतो.

रुंदीतील फरकही सर्वत्र सारखा नसतो. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्केच आकसते. ९० सेंटिमीटर रुंदीच्या तक्त्यातील पाणी १२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले असे समजू. फळ्यांचा पृष्ठभाग वलयांना स्पर्शरेषेत कापलेला असेल, तर तक्ता सुमारे १० मिलिमीटर आकसेल. वलये पृष्ठभागाशी काटकोनात असतील, तर निम्म्याहून कमी. पहिल्या प्रकारची फळी वाळताना सालीकडील बाजूस खोलगटही होते.

यावरून पहिला नियम निघतो : लाकूड पुरते वाळलेले हवे. ते पारखण्याची रीत सोपी आहे. फळीचा लहान तुकडा तोलावा, १०३ अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा व पुन्हा तोलावा. ५६ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅम भरला, तर पाणी १२ टक्के होते. नंतर फळ्या, मध्ये काठ्या घालून, जेथे मेज राहणार तेथील हवेत काही आठवडे रचून ठेवाव्यात.

जोडणीसाठी फळ्यांच्या कडा रंध्याने सरळ कराव्यात. दोन कडा एकमेकींवर ठेवल्या असता मधून उजेड दिसता कामा नये. सागवानात नैसर्गिक तेल असते. म्हणून कड ताजी रंधलेली असतानाच सरस लावून शिकंज्यात आवळावी. अशा रीतीने रेषांच्या दिशेने जोडलेला सांधा लाकडाइतकाच बळकट होतो.

खरी चूक पुढे होते. तक्ता खालच्या चौकटीस खिळ्यांनी वा सरसाने पक्का जखडला, तर तो आकसू पाहतो आणि चौकट त्यास आकसू देत नाही. हा ताण असह्य झाला की लाकूड फाटते. म्हणून चौकटीच्या आतील अंगास खाच पाडतात, तक्त्याखाली स्क्रूने लहान लाकडी ठोकळे बसवतात आणि ठोकळ्याची जीभ त्या खाचेत मोकळी सरकू देतात. तक्ता खाली धरला जातो, परंतु आडवा हलू शकतो. टोकास आडवी पट्टी लावावयाची असल्यास ती केवळ मध्यभागी पक्की करावी. बाजूच्या खुंट्यांसाठी लांबट भोके ठेवावीत. रोगणही तक्त्याच्या दोन्ही अंगांस सारखेच द्यावे. एका अंगाने बाष्प लवकर शिरले तर तक्ता वाकतो. रोगण बाष्पाची ये-जा मंद करते, थांबवीत नाही.

२८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहून सागवान नेण्यात आले. विदर्भाच्या वनांतील असा रुंद फळी देणारा साग वाढण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागतो. चार खिळ्यांच्या घाईने तो एका उन्हाळ्यात फुटावा, ही हानी केवळ मेजाच्या मालकाची नव्हे. लाकडाचे हलणे थांबविता येत नाही. त्यास वाट करून देणे मात्र कारागिराच्या हाती असते.