तोल जाणारी पिले

मुरबाड तालुक्यातील टोकावडे व आसपासचा भाग भातशेतीचा आहे. अशा ठिकाणी कोंबडीच्या पिलांपुढे तांदळाची कणी टाकणे स्वस्त व सोयीचे पडते. परंतु गिरणीत शुभ्र केलेल्या तांदळाच्या कणीवरच वाढविलेले पिलू लटपटू लागते, कलंडते व मान पाठीवर टाकून वर पाहत राहते. ही ‘ब-१’ जीवनसत्त्वाची उणीव होय. १८९० नंतरच्या दशकात डच वैद्य आइकमान यांनी जावा बेटावर हेच पाहिले. शुभ्र तांदळावरील कोंबड्या लुळ्या पडत व कोंडा मिळताच सावरत.

आजारी पिलू वेगळे, उबदार व कोरड्या जागी ठेवावे. एरवी इतर पिले त्यास तुडवितात. चोचीच्या कडेने थेंब थेंब पाणी पाजावे. त्याची भूक मेलेली असल्याने केवळ खाद्य बदलून भागत नाही. ब-जीवनसत्त्वांचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात मात्रा विचारून द्यावे. पायांची बोटे आत वळली असल्यास ‘ब-२’ कमी पडले असण्याचा संभव असतो. त्यास ताक उपयोगी आहे.

उरलेल्या पिलांच्या कणीत कोंडा मिसळावा. कोंडा म्हणजे तूस नव्हे. तो ताजाच हवा. दमट हवेत तो लवकर खवटतो, आणि खवट खाद्यातील ‘ई’ जीवनसत्त्व नष्ट होऊन पिलांच्या मेंदूस इजा पोहोचते.

मात्र अनेक पिले एकदम माना मुरडू लागली, घरघरू लागली व हिरवट हगू लागली, तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, संशय घ्यावा. त्यावर औषध नाही. पुढील पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने द्यावी. मेलेली पिले उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत.