जूनमधली एक गोगलगाय

मृगाच्या पहिल्या जोरदार सरी पडून गेल्या की नवीन पनवेलमधल्या सोसायट्यांच्या बागांत आणि रो-हाउसपुढच्या अंगणांत एकच तक्रार सुरू होते: गोगलगायी झाल्यात, शोभेचं गवत खाऊन टाकलं. मग दुकानातून विषारी गोळ्यांचं पाकीट येतं, माळी त्या गवताच्या बुंध्याशी पसरतो, दोन दिवस मेलेले शंख दिसतात आणि पंधरवड्यात पुन्हा तितक्याच गोगलगायी फिरू लागतात. याचं कारण असं की गवत हे तिचं आवडतं अन्न नव्हेच. ते तिचं बिऱ्हाड आहे. गवताच्या पात्यात सिलिका असते. शेतात गवताचं पातं ओढताना हात कापतो तो तिच्यामुळेच. गोगलगायीला हवा असतो कोवळा, रसदार पाला, म्हणजे झेंडू, तेरडा, पपईची रोपं. गवताचे नुकते फुटलेले कोंब ती कुरतडते, पण जुन्या पात्याच्या वाटेला सहसा जात नाही. कडा खाल्लेली पाती दिसली तर आधी चंदेरी, वाळलेल्या चिकाची रेघ शोधावी. ती नसेल तर गुन्हेगार बहुधा नाकतोडा किंवा अळी. पेनिसेटमसारख्या शोभेच्या गवताच्या दाट झुबक्यात मात्र गोगलगायीला सगळं मिळतं: सावली, गेल्या वर्षीच्या सुकलेल्या पात्यांचा थर, त्याखाली ओल. दिवसा ती तिथे झोपते आणि रात्री शेजारच्या वाफ्यात चरायला जाते.

ही मोठी, तपकिरी पट्ट्यांची शंखी गोगलगाय मुळात आपली नाही. ती पूर्व आफ्रिकेतली. मॉरिशसमार्गे १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने ती कोलकात्यात आणली आणि चौरंगीच्या एका बागेतून ती पसरत गेली. तिची ताकद काय, ते मराठवाड्याने २०२२ च्या पावसाळ्यात पाहिलं. लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीनची उगवलेली रोपं तिने जमिनीलगत खाल्ली आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, म्हणून जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात. अंडी साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी, मातीत बोटभर खोल, एका वेळी शंभर-दोनशे, आणि वर्षातून अनेकदा. आता हिशेब करा. उन्हाळा काढून जूनमध्ये बाहेर पडणाऱ्या गोगलगायी संख्येने थोड्या असतात, पण आकाराने मोठ्या आणि अंडी घालायला तयार. त्यांतली एक जूनमध्ये उचलली तर ऑगस्टमधली शेकडो पिल्लं वेचायचा त्रास वाचतो. ऑगस्टमध्ये शेकडो मारल्या तरी तोवर पुढची अंडी मातीत गेलेली असतात. म्हणून माझ्या मते या सगळ्या लढाईत औषधापेक्षा तारीख महत्त्वाची आहे.

यावर कोणी म्हणेल की कृषी विभागच मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सुचवतो, मग बागेत का नको? कित्येक एकरांच्या सोयाबीनमध्ये वेचणी अपुरी पडते, तिथे तो सल्ला समजण्यासारखा आहे. दोन-चार गुंठ्यांच्या सोसायटीच्या बागेत ही अडचण नाही. शिवाय पनवेलचा पाऊस. मेटाल्डिहाइड गोगलगायीच्या अंगातला चीक बाहेर काढून तिला सुकवतं. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण तिच्या शरीराचं अगदी अचूक वर्णन आहे. तिचं पोटच तिचा पाय, आणि तो पाय ओला राहिला तरच ती चालते. कोरड्या हवेत विष खाल्लेली गोगलगाय मरते. मुसळधार पावसात भिजत राहिली तर ती पुन्हा सावरू शकते, आणि गोळ्याही विरघळून जातात. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच हे औषध सर्वांत कमी चालतं. गोळ्यांत कोंडा असल्याने कुत्री त्या खातात आणि त्यांना झटके येतात. वन्यजीवांच्या काळजीनेच ब्रिटनने मार्च २०२२ अखेर या गोळ्यांचा घराबाहेरचा वापर थांबवला. भारद्वाज पक्षी गोगलगायी खातो आणि काजव्यांच्या अळ्या तर गोगलगायींवरच वाढतात. कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

मिठाचा सल्लाही सर्रास दिला जातो. मीठ गोगलगाय मारतं खरं, पण मातीत साचून गवतही जाळतं, म्हणून त्याची जागा बादलीत. काम असं करावं. मेअखेरीस झुबके वीतभर उंचीवर कापून आतली सुकी पाती हाताने ओढून काढावीत, म्हणजे बुंध्यात ऊन आणि वारा शिरतो. वाफ्यांना जांभ्याच्या चिऱ्यांची किनार असेल तर चिरे उचलून पाहावेत. छिद्रांत ओल धरून ठेवणारा हा दगड गोगलगायीची आवडती जागा. संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी द्यावं, कारण संध्याकाळी भिजवलेली जमीन तिला रात्रभर चालायला ओली वाट करून देते. पहिला पाऊस पडला की तीन आठवडे, एक दिवसाआड, अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचणी करावी. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री टाकून ठेवलं तर सकाळी त्याखाली गोगलगायी जमलेल्या सापडतात. हातमोजे हवेतच, कारण तिच्या अंगात मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जंत असू शकतो. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात आणि मेल्यावर खोल खड्ड्यात चुना घालून पुराव्यात.

जीव घेणं नको, असं वाटणाऱ्यांचा आक्षेप मला मनापासून समजतो. पण पिशवी भरून त्या गाढी नदीच्या काठी किंवा अभयारण्याच्या कडेला सोडणं ही दया होत नाही. तिथे त्या अंडी घालतात आणि मूळच्या रहिवाशांचं अन्न खातात. सह्याद्रीच्या पायथ्याशी कितीतरी छोट्या, नाजूक शंखांच्या स्थानिक गोगलगायी आहेत, ज्या कुजलेला पालापाचोळा खातात. त्यांना ओळखून सोडून द्यावं, हीच खरी जीवदया. शत्रूला शत्रू आणायचा मोह तर कटाक्षाने टाळावा: हवाई बेटांवर १९५५ मध्ये याच आफ्रिकी गोगलगायीसाठी एक मांसाहारी गोगलगाय सोडली, आणि तिने स्थानिक गोगलगायींच्या जातीच संपवायला घेतल्या.

एका अंगणाने हे काम होत नाही, हेही खरं. कंपाउंडच्या भिंतीवरून ती सहज पलीकडे जाते, तेव्हा वेचणी अख्ख्या सोसायटीने एकाच आठवड्यात धरावी. नर्सरीतून आणलेली कुंडी वाफ्यात लावण्याआधी वरची माती बोटाने उकरून अंडी पाहावीत, कारण नवी लागण अनेकदा अशीच येते. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंतीच्या सावलीकडच्या बाजूला, पाइपामागे, तोंडावर पांढरट पापुद्रा ओढून चिकटून बसलेले शंख दिसतात. रिकामे समजून त्यांना कोणी हात लावत नाही. आत गोगलगाय जिवंत असते, मृगाची वाट पाहत. ते शंख तेव्हाच काढून घ्यावेत. त्या दिवसांत त्या चालतही नाहीत आणि लपतही नाहीत.