नगँबी

नगँबी : ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील एक लहान नगर व सहलीचे ठिकाण. लोकसंख्या दोन हजारांहून थोडी अधिक (२०२१). मेलबर्नच्या उत्तरेस सु. १२५ किमी. वर, गोलबर्न नदीच्या खोऱ्यात ते वसले असून स्ट्रॅथबोगी शायर या स्थानिक प्रशासन विभागात मोडते. मुख्य रस्त्यालगत पसरलेले सरोवर, भोवतालचे जुने द्राक्षमळे व तेथील वाइननिर्मिती आणि शर्यतीच्या घोड्यांची पैदास यांसाठी नगँबीची प्रसिद्धी आहे. प्रथमदर्शनी हे सरोवर निसर्गनिर्मित वाटते. वस्तुतः ते एका पाटबंधाऱ्याच्या मागे साठलेले नदीचे पाणी आहे. सहलीसाठी ते कोणी निर्माण केले नाही आणि त्याची पातळी आजही प्रवाशांच्या सोयीने ठरत नाही. नगँबीचे जीवन समजून घेताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

हा प्रदेश मूळचा टाउंगुरंग व त्यांच्या शेजारच्या न्गुराई-इलुम वुरुंग या आदिवासी लोकांचा. नदीच्या जुन्या पात्रांत साचलेल्या डोहांमुळे येथे मासे, पाणपक्षी व कंद यांची विपुलता होती. टाबिल्क हे येथील प्रसिद्ध द्राक्षमळ्याचे नाव ‘पुष्कळ पाणवठ्यांची जागा’ या अर्थाच्या आदिवासी शब्दावरून आलेले आहे. १८३६ मध्ये मेजर टॉमस मिचेल या समन्वेषकाने परतीच्या प्रवासात या परिसरात गोलबर्न नदी ओलांडली. त्यामागोमाग मेंढपाळ आले, नदीच्या उताराजवळ मिचेल्सटाउन ही वस्ती उभी राहिली. परंतु पुढे सिडनी-मेलबर्न मार्ग सेमूरवरून जाऊ लागल्याने तिचे महत्त्व ओसरले. १८५० नंतरच्या दशकात पश्चिमेकडील रशवर्थ व व्रू येथे सोने सापडले आणि या भागात माणसांची वर्दळ वाढली. १८८० मध्ये लोहमार्ग आल्यावर नगँबीस स्थैर्य लाभले.

गोलबर्न बंधारा : गोलबर्न नदी दक्षिणेकडील डोंगराळ भागात उगम पावून उत्तरेस मरी नदीला मिळते. तिच्या खालच्या खोऱ्यातील मैदाने सुपीक, पण पाऊस बेभरवशाचा. १८७० नंतर तेथे जमिनी घेतलेले शेतकरी लागोपाठच्या अवर्षणांनी हवालदिल झाले, तेव्हा वसाहतीच्या शासनाने जलसिंचनाचा प्रश्न हाती घेतला. या कामी पुढाकार घेणारे मंत्री म्हणजे पुढे तीनदा ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले ॲल्फ्रेड डीकिन. जलसिंचनाच्या अभ्यासासाठी ते १८८५ मध्ये अमेरिकेस गेले. त्यांच्या प्रयत्नाने १८८६ चा सिंचन कायदा झाला व नदीवरील पाण्याचा मूलभूत हक्क राज्याकडे आला. पुढे १८९०-९१ च्या सुमारास एका वृत्तपत्राच्या वतीने त्यांनी भारताचा दौरा केला आणि येथील कालव्यांविषयी लिहिले. त्यांचा इरिगेटेड इंडिया हा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

नगँबीच्या उत्तरेस १८८७–९१ या काळात बांधलेला गोलबर्न बंधारा हे या धोरणाचे पहिले मोठे फळ होय. सिंचनासाठी नदीचे पाणी वळविणारे ऑस्ट्रेलियातील हे पहिले मोठे बांधकाम मानले जाते. त्याची उंची सु. १५ मी. असून पाणी साठविणे हा त्याचा मुख्य हेतू नाही. नदीची पातळी उचलून धरावयाची, म्हणजे पाणी उपशावाचून आपल्या उताराने कालव्यांत शिरते, एवढेच त्याचे काम. स्टुअर्ट मरी, कॅटनक व पूर्व गोलबर्न हे तीन मुख्य कालवे येथून निघतात. पाण्याचा खरा साठा वरच्या बाजूस एल्डन धरणात आहे. दारे उचलण्यास व दिवाबत्तीस लागणारी वीज जागेवरच निर्माण करणारे एक जलजनित्र येथे बसविले होते. दक्षिण गोलार्धातील अशा अगदी आरंभीच्या जनित्रांत त्याची गणना होते. १९१३ मध्ये ऑस्ट्रेलियाने स्वतःच्या नोटा काढल्या, तेव्हा दहा शिलिंगांच्या नोटेच्या मागील बाजूस या बंधाऱ्याचेच चित्र होते. त्या काळी या कामाची प्रतिष्ठा केवढी होती, ते यावरून दिसते. १९८० नंतरच्या दशकात बंधाऱ्याचे मजबुतीकरण करून जुनी दारे बदलण्यात आली.

कालव्यांत पाणी सतत चढावे म्हणून बंधाऱ्यामागील पातळी जवळजवळ स्थिर ठेवावी लागते. इतर धरणांचे जलाशय उन्हाळ्यात खाली जाऊन चिखलाचे काठ उघडे पडतात, तसे येथे सहसा होत नाही. नगँबी सरोवराचे सारे आकर्षण या एका गोष्टीत आहे. वल्हवण्याच्या नौकांच्या शर्यती, कनू, मासेमारी, वॉटर स्कीइंग हे सर्व त्यामुळे शक्य होते. पाण्यात बुडून वाळलेल्या रेड गम वृक्षांचे खुंट अद्याप ठिकठिकाणी उभे आहेत. पक्ष्यांना ते उपयोगी असले, तरी नावाड्यांनी त्यांपासून सावध राहिलेले बरे.

या स्थैर्याची किंमत मात्र नदी देते. हिवाळी पूर धरणात अडवून उन्हाळ्यात पाणी सोडले जाते, त्यामुळे नदीचे ऋतुचक्रच उलटे झाले आहे. बंधाऱ्याखाली, कालव्यांत गेल्यावर उरलेले पाणी वाहते. मरी-डार्लिंग खोऱ्याच्या २०१२ च्या योजनेनुसार पाण्याचा काही वाटा नदीच्या स्वास्थ्यासाठी राखून ठेवण्यात येऊ लागला. याउलट, विकत घेतलेले पाणी दूरच्या बदामबागांकडे नेण्यासाठी २०१८-१९ च्या उन्हाळ्यात खालच्या पात्रात दीर्घकाळ मोठे प्रवाह सोडले गेले. त्यांनी काठावरील वनस्पती बुडून तीर ढासळले. सरोवराच्या काठी बसलेल्या प्रवाशास यांतले काहीच दिसत नाही, कारण तेथील पाणी इंचभरही हललेले नसते.

द्राक्षमळे : टाबिल्क येथील द्राक्षलागवड बंधाऱ्याहून जुनी, १८६० ची आहे. तिच्या प्रवर्तकांत इंग्रज कवी रिचर्ड हेन्री हॉर्न हा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या कीटकाने व्हिक्टोरियातील द्राक्षबागा उजाड केल्या. हा कीटक मुळांवर जगतो. मातीच्या भेगांतून तो एका वेलीवरून दुसरीकडे जातो. रेताड मातीत भेगा टिकत नाहीत, म्हणून तेथे त्याचा शिरकाव होत नाही. टाबिल्कच्या मळ्याचा एक छोटा तुकडा रेताड असल्याने तेथील १८६० च्या शिराझ वेली वाचल्या. यूरोपात बहुतेक सर्वत्र अमेरिकन खुंटांवर कलमे करावी लागली, तेव्हा स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या या वेलींचे महत्त्व ध्यानी येते. त्यांच्या फळांपासून थोडी वाइन अजूनही वेगळी काढतात.

१९२५ मध्ये हा मळा परब्रिक कुटुंबाने घेतला आणि १९३१ पासून एरिक परब्रिक यांनी त्याची घडी बसविली. फ्रान्समधील रोन खोऱ्यातील मार्सान या पांढऱ्या द्राक्षाची १९२७ ची लागवड येथे टिकून आहे. या जातीचे इतके क्षेत्र एका मळ्याकडे जगात अन्यत्र नसावे, असे सांगतात. ताज्या मार्सान वाइनमध्ये लिंबाची झाक असते, तर काही वर्षे मुरल्यावर तिला मधाचा वास येतो. ताजी वाइन चाखून घाईने मत बनविणाऱ्यास तिची योग्यता कळत नाही. जुनी तळघरे व लाकडी मनोरा पाहण्याजोगे असून मळ्यालगतच्या पाणथळ जागेतून पायवाट काढलेली आहे. नदीकाठचे मिचेल्टन हे दुसरे मोठे केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले. त्याचे नाव मेजर मिचेलवरून पडले असून त्याचा सु. ५५ मी. उंच मनोरा दुरून नजरेत भरतो. भोवतालच्या पाण्यामुळे येथील हवामान खोऱ्याच्या इतर भागांपेक्षा थोडे सौम्य राहते, असे द्राक्षउत्पादक मानतात.

पंचवीस शर्यती धावून पंचवीसही जिंकणारी ब्लॅक कॅव्हिअर ही घोडी २००६ मध्ये नगँबीजवळ जन्मली. तिचा काशाचा पुतळा सरोवराकाठी आहे. बंधाऱ्याचे पाणी चढणार म्हणून १८९० मध्ये बांधलेला, मधोमध वळण असलेला कर्वन्स ब्रिज हा लांबलचक लाकडी पूल प्रेक्षणीय आहे. ऑक्टोबर २०२२ च्या महापुरानंतर मात्र तो वाहतुकीस बंद करावा लागला.

मेलबर्न-शेपर्टन लोहमार्गावर नगँबी हे स्थानक आहे. २०१३ मध्ये महामार्ग गावाबाहेरून नेण्यात आल्याने अवजड वाहनांची मुख्य रस्त्यावरील वर्दळ थांबली. डिसेंबर ते फेब्रुवारी हा येथील उन्हाळा असून जलक्रीडांसाठी तो सोयीचा. द्राक्षांची तोडणी पाहावयाची असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे.