केलेल्या कामाचे पैसे मागण्यात संकोच कसला?

आपल्याकडील सुशिक्षित घराण्यांत द्रव्याविषयी उघड बोलणे हे असभ्यपणाचे लक्षण मानण्याची जुनी रीत आहे. भिक्षुकाने दक्षिणेचा आकडा सांगू नये, शास्त्रीबुवांनी विद्येचे मोल करू नये, गवयाने बिदागीसाठी अडून बसू नये, असे संस्कार आपणांपैकी पुष्कळांवर लहानपणीच झालेले असतात. घरातील कर्त्या पुरुषाचा पगार महिन्याच्या महिन्यास बिनचूक घरी येत होता, तोपर्यंत या संकोचापायी कोणाचे फारसे बिघडले नाही. परंतु आता एकाच छपराखाली थोरला मुलगा नोकरीवर जातो, धाकटा घरी बसून निरनिराळ्या कंपन्यांना चित्रे काढून देतो, सून भाषांतरे करते, पुतणी हिशेब तपासून देते. या मंडळींस हल्ली ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. त्यांच्या पंचांगात पहिली तारीख नाही. त्यांचे पैसे मागितल्यावाचून येत नाहीत, आणि मागावयाचे कसे हे त्यांस कोणी शिकविलेले नसते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. धाकट्या सूनबाईंनी एका संस्थेसाठी चाळीस हजार शब्दांचे भाषांतर केले. दर शब्दास दीड रुपया, म्हणजे एकूण ६०,००० रुपये. मुले निजल्यावर रात्री जागून तीन महिन्यांत काम पुरे केले व वेळेवर पाठविले. पुढे आठ महिने लोटले. दूरध्वनी केला की कधी ‘साहेब रजेवर आहेत’, तर कधी ‘पुढल्या आठवड्यात नक्की’. घरात तिने अवाक्षर काढले नाही. अखेर मुलाच्या कॉलेजची फी भरण्याची मुदत जवळ आली, तेव्हा माहेरच्या बांगड्या पुडीत बांधताना ती आमच्या कुटुंबाच्या दृष्टीस पडली, आणि सारा उलगडा झाला.

मी तीस वर्षे हिशेबखात्यात काढलेली. मी एवढेच विचारले, “बिल कोणत्या तारखेचे आहे?”

ती म्हणाली, “मामंजी, बिल मी पाठविलेच नाही. काम त्यांनीच सांगितले, आकडा त्यांना ठाऊक आहे. वर पुन्हा कागद पाठवायचा म्हणजे अविश्वास दाखविल्यासारखे नाही का?”

येथेच सारी मेख आहे. काम सांगणारा अधिकारी निराळा आणि पैसे देणारा कारकून निराळा. कारकुनाच्या मेजावर बिल नाही, तर त्याच्या लेखी ते देणेच नाही. बिल आले परंतु त्यावर तारीख, क्रमांक वा बँकेचा तपशील नसला, तर ते गठ्ठ्याच्या तळाशी जाते. पैसे बुडविण्याची बुद्धी असणारे लोक असतात, नाही असे नाही. परंतु माझ्या अनुभवात दिरंगाईची निम्मी कारणे अपुऱ्या कागदांत सापडतात.

तेव्हा पहिली गोष्ट कामास हात घालण्यापूर्वीची. दूरध्वनीवर काय ठरले ते त्याच दिवशी चार ओळींत लिहून ई-मेलने पाठवावे: काम कोणते, दर किती, पोचते केव्हा करावयाचे, दुरुस्त्या किती वेळा करून द्यावयाच्या, आणि पैसे किती दिवसांत मिळावयाचे. “आपले बोलणे झाल्याप्रमाणे” अशी सुरुवात केली म्हणजे त्यात अविश्वासाचा वासही येत नाही. समोरून “ठीक आहे” असे दोन शब्द आले की पुष्कळ झाले. नव्या गिऱ्हाइकाकडून तिसरा हिस्सा अगाऊ मागावा. काम महिनोन् महिने चालणार असेल, तर त्याचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे घ्यावे. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हे आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते.

दुसरी गोष्ट बिलाची. काम पोचते केले त्याच दिवशी बिलही पाठवावे. कामाची गोडी ताजी असताना पैसे देणे जड जात नाही. बिलावर आपले नाव व पत्ता, गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव, अनुक्रमांक, तारीख, कामाचे वर्णन, परिमाण, दर, एकूण रक्कम, पॅन क्रमांक, आणि बँकेचा खातेक्रमांक व आयएफएससी संकेतांक इतके असावे. “लवकर द्यावे” असे मोघम न लिहिता “अमुक तारखेपर्यंत द्यावे” असे लिहावे. जीएसटीची नोंदणी असेल तरच तो कर बिलात लावावा. सेवा पुरविणारास महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्यास ती नोंदणी सामान्यतः सक्तीची नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्यावसायिक मेहनतान्यातून कंपन्या सामान्यतः शेकडा १० प्रमाणे आयकर मुळातच कापून घेतात. ६०,००० च्या बिलावर ५४,००० हाती आले म्हणजे कोणी ६,००० खाल्ले असे नव्हे. ती रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली की नाही हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे आणि विवरणपत्र भरताना हिशेबात धरावी. कर कमी बसत असेल तर ती परत मिळते.

तिसरी गोष्ट तगाद्याची. ठरलेल्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी एक सौम्य आठवण द्यावी. उलटून गेल्यावर आठवड्याने दुसरी द्यावी, आणि ती काम सांगणाराबरोबर हिशेबखात्यासही पाठवावी. दरखेपेस बिलाचा क्रमांक, तारीख व रक्कम लिहावी. रागाचा एकही शब्द नसावा, आणि आपल्या अडचणींचे रडगाणेही नसावे. फीचे दिवस आले म्हणून पैसे द्या, असे नव्हे. काम केले म्हणून द्या. याचना निराळी आणि मागणी निराळी.

इतके करूनही दाद न लागल्यास कायदा अगदीच परका नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याखाली सेवा देणारी एकटी व्यक्तीही ‘उद्यम’ नोंदणी करू शकते. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून तिला शुल्क पडत नाही. ती काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी. या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबविता येत नाहीत. करार नसल्यास मुदत १५ दिवसांचीच. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते पोचल्या दिवशीच स्वीकारले असे धरतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेपुढे नेता येते. दिवाणी दाव्याची मुदत मात्र सामान्यतः तीन वर्षांची असते, हे विसरू नये. चेक वटला नाही, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ही शस्त्रे उठल्यासुटल्या उपसावयाची नव्हेत. परंतु ती घरात आहेत हे ठाऊक असले म्हणजे पत्रातील भाषा आपोआप ठाम होते.

असो. त्या रात्री सूनबाईंनी व मी मिळून बिल तयार केले. जुना ई-मेल जोडला, पंधरा दिवसांची मुदत घातली. एक आठवण द्यावी लागली. बाविसाव्या दिवशी ५४,००० रुपये खात्यात जमा झाले. फी वेळेवर भरली गेली आणि बांगड्या कपाटात परत गेल्या. पुढल्या कामाच्या वेळी तिने भीतभीतच तिसरा हिस्सा अगाऊ मागितला, तो त्याच संस्थेने बिनतक्रार धाडला. मागितल्याने काम जाईल ही भीती फुकट होती. आठ महिन्यांची घालमेल मात्र खरी होती.

घरातील वडील मंडळींस एक विनंती. सूनबाईंचे काम घरबसल्या चालते म्हणून ते फावल्या वेळेचे समजू नये. महिन्यातून एकदा तिच्याजवळ बसून येणे किती, आले किती, एवढे विचारावे. संकोचाचे निम्मे ओझे त्या विचारण्यानेच उतरते. आणि जाता जाता आपल्याच उंबरठ्याकडेही पाहावे. पोळ्या करणाऱ्या बाई, शिंपी, मुलांना गाणे शिकविणारे गुरुजी यांपैकी कोणाचे पैसे ‘पुढल्या आठवड्यात’ राहिले आहेत का? त्यांनाही मागण्याचा संकोच वाटतच असेल. त्यांचे त्यांना आजच देऊन टाकावे.