नऊ नोव्हेंबर, पण कोणत्या सालचा?

पूर्व बर्लिनमध्ये ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी एक पत्रकार परिषद रेंगाळत संपायला आली होती. सहाला सुरू झालेली, आता सात वाजत आले होते. तेवढ्यात सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांना परदेश प्रवासाच्या नियमांबद्दल प्रश्न आला. त्यांनी समोरच्या कागदांत हात घालून एक टिपण शोधलं आणि वाचून दाखवलं. यापुढे नागरिकांना कोणत्याही सीमानाक्यावरून देशाबाहेर जाता येईल, असा त्याचा मतलब होता. हे कधीपासून, असं पत्रकारांतून कुणीतरी विचारलं. शाबोव्स्कींनी कागद पुन्हा खालीवर केला आणि म्हणाले, "माझ्या माहितीप्रमाणे... लगेच, ताबडतोब."

खरं तर ते टिपण दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता जाहीर व्हायचं होतं. आणि 'जाता येईल' म्हणजे रीतसर अर्ज करायचा, व्हिसाचा शिक्का घ्यायचा आणि मग निघायचं. ज्या बैठकीत यावर चर्चा झाली, त्या वेळी शाबोव्स्की तिथे हजर नव्हते. परिषदेचं थेट प्रक्षेपण चालू होतं. आठच्या बातम्यांत पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीने 'पूर्व जर्मनीने सीमा उघडली' असा मथळा दिला. पूर्वेतली बहुतेक घरं तीच वाहिनी लावून बसलेली असत. लोकांनी अंगावर कोट चढवले आणि भिंतीची वाट धरली.

आपल्या वर्तमानपत्रांतल्या 'दिनविशेष'च्या चौकटीत या तारखेला महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या निधनाची (१९६२) नोंद असते आणि शेजारीच बर्लिनची भिंत. दोन्ही गोष्टी एकाच तारखेला घडल्या, यापलीकडे त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. दिनविशेषात असंच असतं. जर्मनीच्या ९ नोव्हेंबरचं तसं नाही. १९१८, १९२३, १९३८ आणि १९८९ या चार सालांतला हा दिवस त्या देशाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. त्यातले पहिले तीन तर योगायोगाने एकापाठोपाठ आलेले नाहीत. एकाने दुसऱ्याला ओढून आणलं.

सुरुवात १९१८ पासून. पहिलं महायुद्ध हरल्यात जमा होतं, नौसैनिकांनी बंड केलं होतं, बर्लिनमध्ये कामगार कारखाने सोडून रस्त्यावर उतरले होते. कैसर दुसरा विल्हेल्म बेल्जियममधल्या स्पा गावी लष्करी मुख्यालयात होता आणि गादी सोडायला तयार नव्हता. अखेर दुपारी चान्सलर माक्स फॉन बाडेन यांनी त्याच्या संमतीची वाट न पाहता त्याचा राजत्याग जाहीर करून टाकला. दोनच्या सुमारास समाजवादी नेते फिलिप शायडेमान संसदेच्या उपाहारगृहात सूप पीत बसले होते. जहाल डाव्या गटाचे नेते कार्ल लीबक्नेख्ट आपलं वेगळं गणराज्य घोषित करणार असल्याची कुणकुण त्यांना लागली. सूप तसंच टाकून ते खिडकीशी गेले आणि खाली जमलेल्या गर्दीला त्यांनी जर्मन प्रजासत्ताक जाहीर केलं. त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष फ्रीडरिख एबर्ट भयंकर संतापले, कारण असं काही ठरलेलंच नव्हतं. चारच्या सुमारास लीबक्नेख्ट यांनी राजवाड्यातून दुसरं, समाजवादी गणराज्य घोषित केलं. म्हणजे एका दुपारी एका शहरात दोन प्रजासत्ताकं जन्मली. दुसऱ्या दिवशी कैसर हॉलंडला निघून गेला आणि ११ तारखेला युद्धबंदी झाली.

हे प्रजासत्ताक पराभवाच्या दुःखात बुडालेल्या अनेकांना सहन झालं नाही. लष्कर रणांगणावर हरलंच नाही, घरच्यांनीच पाठीत खंजीर खुपसला, ही कंडी पिकली आणि प्रजासत्ताक आणणाऱ्यांना 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' हे नाव चिकटलं. ते नाव सर्वांत जास्त वापरलं अडॉल्फ हिटलरने.

पाच वर्षांनी, १९२३ च्या नोव्हेंबरात, एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत उतरलेली असे. अशा दिवसांत ८ तारखेच्या रात्री हिटलर म्युनिकच्या 'ब्युर्गरब्रॉयकेलर' या बिअरच्या सभागृहात पिस्तूल घेऊन घुसला, छतात गोळी झाडली आणि क्रांती झाल्याचं ओरडला. प्रजासत्ताकाच्या पाचव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर ते प्रजासत्ताकच उलथवायचं होतं. ९ तारखेला सुमारे दोन हजार जणांचा मोर्चा शहरात निघाला. पोलिसांनी गोळीबार केला, चार पोलीस आणि मोर्चाच्या बाजूचे सोळा जण ठार झाले. हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली, पण १९२४ च्या डिसेंबरातच तो सुटला.

सत्ता आल्यावर नाझींनी या फसलेल्या बंडाचा उत्सव केला. दरवर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री त्याच सभागृहात हिटलरचं भाषण आणि ९ ला 'हुतात्म्यां'ची मिरवणूक. देशभरचे पक्षनेते त्यासाठी म्युनिकला येत.

म्हणूनच १९३८ मध्ये जे झालं ते त्याच रात्री झालं. ऑक्टोबरच्या अखेरीस हजारो पोलिश ज्यूंना जर्मनीने रातोरात हाकलून पोलंडच्या सीमेवर सोडलं. त्यांतल्या एका कुटुंबाचा सतरा वर्षांचा मुलगा हेर्शेल ग्रिन्श्पान पॅरिसमध्ये होता. ७ नोव्हेंबरला त्याने तिथल्या जर्मन वकिलातीतल्या एर्न्स्ट फॉम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. ९ तारखेला दुपारी फॉम राट मेला. बातमी म्युनिकला पोचली तेव्हा सगळे नेते स्मृतिदिनाच्या जेवणाला एकत्रच जमलेले होते. प्रचारमंत्री गोबेल्सने तिथल्या तिथे चिथावणीचं भाषण केलं आणि नेत्यांनी जागेवरूनच आपापल्या गावी फोन लावले. १,४०० हून जास्त सिनेगॉग जाळली किंवा उद्ध्वस्त केली गेली, सुमारे ७,५०० दुकानं फोडली गेली, तीसेक हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं. आगीचे बंब येऊन उभे राहिले, पण फक्त शेजारच्या इमारती वाचवायला. शिवाय झालेल्या नुकसानीबद्दल ज्यूंनाच शंभर कोटी मार्कांचा दंड.

फुटलेल्या काचांवरून त्या रात्रीला 'स्फटिकरात्र' हे नाव पडलं. आज अनेक जर्मन तो शब्द टाळतात, कारण त्यात चकाकी आहे आणि माणसं नाहीत.

म्युनिकच्या त्या वार्षिक सोहळ्याने एकदा हिटलरचाच जीव घेतला असता. तो कुठल्या रात्री कुठे उभा राहणार हे ठाऊक असल्यामुळे ग्योर्ग एल्सर नावाच्या सुताराने तीसहून अधिक रात्री त्या सभागृहात लपून, गुडघ्यांवर बसून खांब पोखरला आणि त्यात बाँब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ ला धुक्यामुळे विमान रद्द झालं. गाडी गाठायची म्हणून हिटलर लवकर निघाला. तेरा मिनिटांनी स्फोट झाला आणि आठ जण मेले. एल्सर पकडला गेला. युद्ध संपायला महिनासुद्धा उरला नव्हता, तेव्हा एप्रिल १९४५ मध्ये त्याला डाखाऊच्या छावणीत मारलं.

आता पुन्हा १९८९ ची रात्र. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर लेफ्टनंट कर्नल हाराल्ड येगर जेवताना टीव्हीवर शाबोव्स्कींचं बोलणं ऐकून ताटावरून उठला. त्याने वरिष्ठांना फोनवर फोन केले, पण ठोस हुकूम कुणीच देईना. फाटकापुढची गर्दी शेकड्यांवरून हजारांवर गेली. मग वरून तोड आली. सर्वांत जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना सोडा, पण शिक्का त्यांच्या फोटोवरच मारा, म्हणजे ते परत येऊ शकणार नाहीत. थोड्याच वेळात एक तरुण जोडपं पलीकडे फेरफटका मारून परतलं. लेकरं घरी झोपलेली होती आणि आईला सांगण्यात आलं की आता देशात प्रवेश नाही. ती रडू लागली. येगरने हुकूम बाजूला सारून त्यांना आत घेतलं. साडेअकराच्या सुमारास त्याने फाटकच उघडायला लावलं. त्याच्या माणसांकडे शस्त्रं होती, पण गोळी एकही सुटली नाही. अठ्ठावीस वर्षांत या भिंतीवर किमान १४० माणसांचा जीव गेला होता.

पुढे एकीकरण झाल्यावर राष्ट्रीय दिन कोणता, हा प्रश्न आला. मनात पहिली तारीख ९ नोव्हेंबरच येत होती. पण ज्या रात्री सिनेगॉग जळली त्या रात्री आतषबाजी कशी करायची? दिवस ठरला ३ ऑक्टोबर, म्हणजे १९९० मध्ये कायदेशीर एकीकरण झालं तो दिवस. एका राष्ट्राने आपला सर्वांत आनंदाचा दिवस सुट्ट्यांच्या यादीबाहेर ठेवला, हा निर्णय मोठ्या मनाचा होता.

या तारखेला संध्याकाळी जर्मन शहरांत लोक फुटपाथवर गुडघे टेकून बसलेले दिसतात. शिल्पकार गुंटर डेम्निग यांनी नाझींच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांच्या घरांच्या दारांपुढे दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवायला सुरुवात केली, त्यांना 'ठेच लागणारे दगड' म्हणतात. प्रत्येकावर 'इथे राहत होता' किंवा 'इथे राहत होती', मग नाव, जन्मसाल आणि पुढे काय झालं ते. वर्षभरात पितळ काळवंडतं. ते घासून लख्ख करायचं, शेजारी एक मेणबत्ती लावायची आणि पुढच्या दारापाशी जायचं.

आणि बोर्नहोल्मरच्या पुलाजवळ, जिथे येगरचं फाटक होतं, तिथे आता एक चौक आहे. भिंतीचा एक तुकडा तसाच उभा आहे, जपानी लोकांनी भेट दिलेली चेरीची झाडं आहेत. चौकाला नाव देताना नुसती तारीख पुरली नसती. पाटीवर सालासकट लिहिलं आहे, '९ नोव्हेंबर १९८९ चौक'.