पावणेसात ते साडेसात

मार्चच्या मध्यावर मालवणात सूर्य पावणेसातच्या सुमारास समुद्राला टेकतो. चिवल्याच्या किनाऱ्यावर फुटबॉल खेळणारी पोरं तेव्हा चेंडू उचलून घराकडे वळतात. ज्यांचा रोजा असतो ती थोडी आधीच निघालेली असतात. मगरिबची अजान होते, खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो, मग नमाज. एखाद-दोन मिनिटांच्या फरकाने तिकडे मडगावला, फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरही सूर्य मावळतो. इंडियन सुपर लीगचा रात्रीचा सामना असेल तर तो साडेसातला सुरू व्हायचा असतो. रोजा ठेवून मैदानावर आलेल्या खेळाडूच्या हाती पंचेचाळीस मिनिटं उरतात. तेवढ्यात रोजा सोडायचा, नमाज अदा करायची, अंग मोकळं करायचं आणि पुढे नव्वद मिनिटं धावायचं.

हा पेच तसा नवा आहे. सुपर लीग २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली तेव्हा रमजान जून-जुलैत येत होता आणि लीग हिवाळ्यात खेळली जात होती. दोघांची गाठच पडत नव्हती. हिंदू पंचांगात अधिक मास असतो, म्हणून दिवाळी पावसाळ्यात शिरत नाही. इस्लामी चांद्रवर्षात अशी भर घातली जात नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीस-एक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०२३ मध्ये लीगचा अंतिम सामना १८ मार्चला फातोर्ड्यावर झाला आणि रमजान २४ मार्चला लागला. सहा दिवसांनी चुकामूक झाली. २०२४ मध्ये मात्र १२ मार्चला पहिला रोजा होता आणि लीग ऐन रंगात होती. सुपर लीग आणि रमजान पहिल्यांदाच समोरासमोर आले.

सामन्याची वेळ तीच असली तरी सूर्य सगळीकडे सारखा मावळत नाही. सायंकाळी पाचचा सामना गोव्यात असेल तर शेवटची शिटी आणि अजान जवळजवळ बरोबर येतात. तोच सामना कोलकात्यात असेल तर तिथे मार्चमध्ये पावणेसहालाच सूर्यास्त होतो, म्हणजे नेमकं मध्यंतर. साडेसातच्या सामन्यात कोलकात्याच्या खेळाडूला पावणेदोन तास मिळतात, गोव्यातल्याला पाऊण. इंग्लंडमध्ये २६ एप्रिल २०२१ रोजी लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सूर्यास्तानंतर गोलकीक थोडी थांबवण्यात आली आणि दोन खेळाडूंनी मैदानाच्या कडेला रोजा सोडला. त्यानंतर तिथल्या पंचांनी अशी सवड द्यायला सुरुवात केली. फ्रान्सच्या महासंघाने २०२३ मध्ये याच्या उलट सांगितलं, सामना थांबवायचा नाही.

फुटबॉलपटू एका सामन्यात सरासरी दहा-अकरा किलोमीटर धावतो. मार्चमधली कोकणपट्टीची दमट हवा मालवणकराला वेगळी सांगायला नको. तासाभरात लिटर-दीड लिटर घाम सहज जातो. सहरी पहाटे साडेपाचच्या सुमारास संपते, म्हणजे तेरा तास पाण्याचा थेंब नाही. पाऊण तासात पोटभर जेवलं तर पाय उचलत नाहीत आणि काहीच घेतलं नाही तर उत्तरार्धात पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून जगभरचे आहारतज्ज्ञ रोजेदार खेळाडूंना सांगतात ते एवढंच: दोन-तीन खजूर, घोटाघोटाने पाणी, थोडे क्षार, खरं जेवण सामन्यानंतर. सहरीला हळूहळू पचणारं आणि पाणी धरून ठेवणारं अन्न. मालवणी घरात याला पेज म्हणतील आणि त्यासाठी आहारतज्ज्ञाची गरज पडणार नाही! सामना संपून खोलीवर पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजून जातात. मशिदीतली तरावीहची नमाज तोवर आटोपलेली असते. ती मग खोलीतच, एकट्याने.

रोजा सोडण्याची सवलत नाही का, असा प्रश्न इतर धर्मीय मित्र हमखास विचारतात. आहे. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजे पुढे ढकलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. राहिलेले दिवस नंतर भरून काढायचे. पण मुसाफिर कोण, याचा हिशेब बारीक आहे. ठरावीक अंतरापलीकडे गेलेला माणूस मुसाफिर ठरतो, मात्र तिथे मुक्काम लांबला की तो मुसाफिर राहत नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे, मोरोक्को आणि सेनेगलचे मालिकी. दोन्हींत ही मर्यादा साधारण चार दिवसांच्या मुक्कामाची. म्हणजे गुवाहाटीला सामना खेळून परतणारा खेळाडू मुसाफिर, पण महिनोन् महिने गोव्यात भाड्याच्या घरात राहणारा तोच खेळाडू फातोर्ड्यावर उतरला की मुसाफिर नाही. घरचं मैदान त्याला अवघड जातं. बाहेरगावच्या सामन्याला सोडलेले रोजे तो मोसम संपल्यावर आपल्या देशात भरून काढतो. मोरोक्कोत जूनचा दिवस साडेचौदा तासांचा, त्यात पहाटेची वेळ वेगळी. सवलत घेतली तरी उधारी फिटायची असतेच. आणि कोणी रोजा ठेवला, कोणी नाही, हे विचारण्याचा हक्क ना प्रशिक्षकाला ना प्रेक्षकाला.

परदेशी खेळाडू गोव्याला नवे नाहीत. धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं त्यात नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सचा मोठा वाटा होता; २०११-१२ च्या आय-लीगमध्ये त्याने ३२ गोल केले. साळगावकर क्लबला २०१०-११ ची आय-लीग जिंकून देणारे प्रशिक्षक करीम बेंचरिफा मोरोक्कोचे. पुढे सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक एफसी गोवाकडे आले. ते आधी मोरोक्कोतल्या तेतुआन शहराच्या क्लबचे प्रशिक्षक होते. तिथले अहमद जाहू आणि सेनेगलचा मुर्तदा फॉल यांना त्यांनी गोव्यात आणलं. मोरोक्कन वंशाचा ह्युगो बुमूसही आला. २०१९ चा सुपर कप आणि २०१९-२० ची लीग शील्ड गोव्याला मिळाली ती याच काळात. लगेच पुढच्या मोसमात प्रशिक्षकासह तिघेही मुंबई सिटीत गेले आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यावरच मुंबईने करंडक उचलला. करोनामुळे स्टँड रिकामे होते. गोवेकरांनी ते घरात बसून टीव्हीवर पाहिलं. परदेशी खेळाडूवर जीव लावायचा तर हे गृहीत धरावं लागतं. करार एक-दोन वर्षांचा, आणि २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात. जागा कमी, शरीर हेच भांडवल.

ते भांडवल किती ठिसूळ असतं हे गोव्याने पाहिलं आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपोने सामना २-० असा जिंकला. कप घेऊन जल्लोष करायला कोणाचे हात उठले नाहीत. मैदानावरची तातडीची वैद्यकीय व्यवस्था अपुरी होती, अशी टीका तेव्हा झाली. धेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी निवृत्त केली. रोजेदार खेळाडूचं पाणी-क्षार मोजणारा डॉक्टर आज संघासोबत फिरतो, ही साधी गोष्ट वाटते. ती नेहमीच तशी नव्हती.

काही जण मात्र परत गेलेच नाहीत. १९८० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकणारे मजीद बिश्कर आणि जमशेद नासिरी हे इराणी तरुण कोलकात्यात ईस्ट बंगालकडून खेळू लागले. मजीद यांच्या पायातली जादू जुने बंगाली अजून सांगतात. ते मायदेशी गेले. जमशेद कोलकात्यातच राहिले, तिथेच संसार झाला. २९ जानेवारी २०२२ रोजी कोलकात्याचा डर्बी सामना करोनामुळे फातोर्ड्यावर झाला. एटीके मोहन बागानकडून बदली म्हणून उतरलेल्या पोराने तीन गोल ठोकले आणि ईस्ट बंगालला ३-१ असं हरवलं. पोराचं नाव कियान नासिरी, जमशेद यांचा मुलगा. बापाच्या जुन्या क्लबाविरुद्धच! परदेशी खेळाडूंच्या मर्यादित जागांत त्याची गणती नव्हती. तो भारतीय होता.

मालवण-वेंगुर्ल्यातून गोव्यात आणि आखातात कामाला गेलेल्या पोरांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. दुबईच्या खोलीत सहा जणांत एक खजुराचा डबा आणि फोनवर आईचा आवाज. मोरोक्कोच्या घरात या वेळी हरीराचं वाडगं पुढ्यात येतं, टोमॅटो, मसूर, चणे घातलेलं दाट सूप. सेनेगलमध्ये इफ्तारला न्दोगू म्हणतात. पाव आणि कडक कॉफी. स्टेडियमच्या ड्रेसिंग रूममध्ये यातलं काही नसतं. मात्र खजूर सगळीकडे खजूरच असतो.

मोरोक्कोचा नोआ सदोई एफसी गोवाकडून दोन मोसम खेळला. २०२४ च्या त्या पहिल्या रमजानी मोसमात गोव्याच्या आक्रमणाचा भार त्याच्यावर होता. मोसम संपला आणि तो केरळ ब्लास्टर्समध्ये गेला. पुढच्या वर्षी रमजान २ मार्चला लागला, तेव्हाही लीग सुरूच होती. कोचीत मार्चमध्ये सूर्य साडेसहाच्या जरा पुढे मावळतो. किकऑफ तिथेही साडेसातलाच. गोव्यापेक्षा आठ-दहा मिनिटं जास्त.