विश्लेषण : प्रमाणपत्र मिळाले, पण पहिला वर्ग कसा घ्यायचा? योगशिक्षक होण्यासाठी नेमके काय लागते?

अभ्यासक्रम संपतो, प्रमाणपत्र हाती येते आणि एके दिवशी सकाळी सहा वाजता सोसायटीच्या सभागृहात दहा-पंधरा जण सतरंज्या अंथरून समोर बसतात. त्यात कुणी तिशीतला, कुणी सत्तरीतला. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. स्वतः उत्तम आसन करणे आणि दुसऱ्याकडून ते सुरक्षितपणे करून घेणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे नव्या योगशिक्षकाला याच क्षणी कळते.

योगशिक्षकाला परवाना लागतो का?

डॉक्टर किंवा वकिलांप्रमाणे योगशिक्षकांना भारतात सक्तीची नोंदणी नाही. केंद्रीय आयुष मंत्रालयांतर्गत ‘योग सर्टिफिकेशन बोर्ड’ लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, पण ते ऐच्छिक आहे. त्यातील ‘योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर’ या स्तराचा अभ्यासक्रम २०० तासांचा, तर ‘योग वेलनेस इन्स्ट्रक्टर’चा ४०० तासांचा आहे. परदेशात ज्याचे नाव नेहमी ऐकू येते ती अमेरिकेतील ‘योगा अलायन्स’ ही खासगी संस्था आहे. ती शिक्षकांची व योगशाळांची नोंद ठेवते, सरकारी परवाना देत नाही. त्यामुळे अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी प्रमाणपत्र कोणाचे आणि प्रत्यक्ष वर्ग घेण्याचा सराव किती, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत.

महाराष्ट्रात ही परंपरा किती जुनी?

योगेंद्र यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली ‘द योगा इन्स्टिट्यूट’ आजही मुंबईत सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ सुरू केले आणि योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची वाट घातली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी उभारलेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ पासून कार्यरत आहे.

अय्यंगारांची सुरुवात कशी झाली?

अडखळतच. कर्नाटकातील बेल्लूरला १९१८ मध्ये जन्मलेले अय्यंगार लहानपणी सतत आजारी असत. त्यांचे गुरू आणि मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांनी १९३७ मध्ये त्यांना पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवले. वय अवघे १८, मराठी येत नव्हते, मॅट्रिकही पूर्ण झालेली नव्हती आणि समोरचे अनेक विद्यार्थी त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेले व अंगाने तयार होते. काम होते सहा महिन्यांचे. शिकवताना जे उमगत नसे, ते तासन्‌तास स्वतःच्या शरीरावर करून पाहणे हाच त्यांचा अभ्यासक्रम ठरला. पुढे ठोकळे, पट्टे, खुर्ची यांचा आधार घेऊन आसन करवण्याची त्यांची पद्धत जगभर पोहोचली.

पहिल्या वर्गात चुका कुठे होतात?

पहिली चूक म्हणजे एका तासात सगळे शिकवण्याची घाई. शिथिलीकरण, उभे राहून, बसून, पोटावर व पाठीवर करायची मोजकी आसने, प्राणायाम आणि शवासन एवढा क्रम पुरेसा असतो. शवासनाची वेळ कापू नये.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक आसन शेवटपर्यंत स्वतः करत राहणे. मग शिक्षकालाच धाप लागते आणि वर्गाकडे लक्ष राहत नाही. एकदा दाखवावे, नंतर फिरून पाहावे. समोरासमोर उभे असताना ‘उजवा हात’ म्हणताना आपला डावा वर न्यावा. आरशासारखे दाखवले की वर्ग गोंधळत नाही. सूचना छोटी असावी, आधी श्वास, मग हालचाल. कुणाचे आसन सुधारण्यासाठी हात लावायचा असेल, तर आधी परवानगी घ्यावी.

कोणाला काय टाळायला सांगायचे?

वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला आजार, शस्त्रक्रिया, गरोदरपण याबाबत विचारावे. सर्वांसमोर नव्हे, बाजूला घेऊन. उच्च रक्तदाब वा काचबिंदू असलेल्यांना शीर्षासन, सर्वांगासन देऊ नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया असलेल्यांना आणि गर्भवतींना कपालभाती नको. पाठीच्या मणक्याच्या चकतीचा त्रास असेल तर पुढे खोल वाकणे टाळावे. गुडघेदुखी असलेल्याला जमिनीवर बसण्याचा आग्रह नको. खुर्चीवर बसूनही प्राणायाम होतो. जेवणानंतर तीन-चार तासांचे अंतर हवे, हे आदल्या दिवशीच कळवावे.

‘मधुमेह बरा होईल का?’ असे विचारले तर?

हा प्रश्न येतोच आणि नव्या शिक्षकाची खरी परीक्षा इथे असते. योगाभ्यासाने ताण कमी होण्यास, लवचिकता व झोप सुधारण्यास मदत होऊ शकते. मात्र आजार बरा करण्याची हमी देणे किंवा गोळ्या बंद करायला सांगणे हे शिक्षकाचे काम नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ असे म्हणणारा शिक्षक कमी पडत नाही. उलट, दुसऱ्या दिवशी सतरंजी घेऊन परत यायला वर्गाला तेवढा भरवसा पुरतो.